परदेशी मोटारीचे सुटे भाग कसे पारखावे?

(जठारपेठ, अकोला येथील एका निवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटेल. ज्याचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें, त्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तरानें मोटारीच्या कमानी आणि रबरी बुश यांवर बोलावें, हें प्रथमदर्शनीं विजोड दिसतें. परंतु हा विषय मूलतः वस्तूची ओळख पटविण्याचा आहे, आणि तें तर शिक्षकाचें नित्याचें काम होय. वर्गांत एकाच नांवाचीं तीन मुलें असलीं म्हणजे हजेरी घेतांना शिक्षक वडिलांचें नांव, आडनांव आणि हजेरीपटांतील क्रमांक पाहतो. जपानहून आलेल्या मोटारीचे सुटे भाग घेतांना हीच सावधगिरी बाळगावी लागते. ती न बाळगल्यास पैसा जातो, वेळ जातो, आणि भाग चाकाजवळचा असेल तर घरच्या माणसांचा जीवही धोक्यांत येतो.

आमच्या वऱ्हाडांत एके काळीं रेंगी आणि दमणी हीं घरोघरचीं वाहनें होतीं. चाक निकामी झालें तर गांवचा सुतार आख पाहून, तुंबा तपासून नवें चाक घडवी, आणि त्याच गांवचा लोहार त्यावर धाव चढवी. गाडी आणि तिचा भाग एकाच वस्तींत, एकाच नजरेखालीं तयार होत. त्यांचा मेळ बसविण्यास कागदाची गरज नसे. मोटारीची गोष्ट निराळी आहे. ती बांधणारा कारागीर समुद्रापलीकडे, तिचा सुटा भाग घडविणारा दुसऱ्याच देशांत, विकणारा मुंबईस किंवा दिल्लीस, आणि बसविणारा मिस्त्री अकोल्यास. या चौघांस एकमेकांचें बोलणें कळावें अशी एकच भाषा उरते, आणि ती म्हणजे क्रमांकांची.

जपानी बनावटीच्या मोटारी आपल्याकडे तीन वाटांनीं आल्या. पहिली वाट १४ डिसेंबर १९८३ रोजीं उघडली. त्या दिवशीं सुझुकीच्या आराखड्यावर बांधलेली मारुती ८०० ही लहान मोटार पहिल्या ग्राहकाच्या हातीं पडली. आरंभीं तिचे पुष्कळसे भाग जपानहून येत. पुढें ते येथेंच होऊं लागले आणि तालुक्याच्या गांवींही सहज मिळूं लागले. दुसरी वाट हलक्या मालमोटारींची. त्याच दशकांत स्वराज-माझदा, डी.सी.एम.-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी आणि ऑल्विन-निस्सान अशा जोडनांवांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. तिसरी वाट म्हणजे परदेशांत पूर्ण तयार झालेली मोटार जहाजानें आणून येथें विकणें. होंडाची सी-आर-व्ही, निस्सानची एक्स-ट्रेल, सुझुकीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची लँड क्रूझर या या वाटेनें आल्या. आजच्या अडचणीचा उगम या तिसऱ्या वाटेवर आहे.

या गाड्या थोड्या संख्येनें आल्या. पहिल्या धन्यानें त्या मुंबई-पुण्यास वापरल्या, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या हातानें त्या जिल्ह्याच्या गांवीं पोंचल्या. गाडी अजून दणकट असते, यंत्र उत्तम चालतें, आणि किंमत नव्या लहान मोटारीहून कमी पडते. म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबही तिचा मोह धरतें. परंतु खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीस त्याचें शुल्क ५,००० रुपये, तर आयात केलेल्या मोटारीस ४०,००० रुपये झालें. वीस वर्षांवरील गाड्यांकरितां तें २०२५ सालीं आणखी वाढविण्यांत आलें. म्हणजे अशी गाडी बाळगावी कीं मोडींत काढावी, हा प्रश्न घराच्या जमाखर्चाचा होऊन बसतो, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां एखाद्या रबरी बुशावर किंवा गळक्या शॉक ॲब्सॉर्बरवर अवलंबून असतें. योग्य भाग मिळाला तर गाडी आणखी कित्येक वर्षें चालेल. अयोग्य बसविला तर तपासणींत अडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे रस्त्यांत दगा देईल.

आतां सस्पेन्शन म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधली जी लवचिक योजना, तिला हें नांव आहे. तिच्यांतील पहिला भाग कमान, म्हणजे पोलादी स्प्रिंग. ती गाडीचें वजन तोलते, खड्डा आला कीं दबते, आणि पुन्हां उसळते. ही उसळी आवरली नाहीं तर गाडी झोपाळ्यासारखी वरखालीं होत राहील. ती आवरणारा दुसरा भाग शॉक ॲब्सॉर्बर. आमचे मिस्त्री त्यास शॉकअप म्हणतात. त्याच्या नळींत तेल असतें. दट्ट्या वरखालीं होतांना तें तेल बारीक झडपांतून रेटलें जातें, आणि उसळीची शक्ति उष्णतेंत बदलून नाहींशी होते. वाईट रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर हाताला गरम लागतो तो यामुळेंच. तिसरा वर्ग सांध्यांचा: खालचा आर्म, बॉल जॉइंट, आणि दोन्ही बाजूंस जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या लिंका. चौथा वर्ग रबराचा: निरनिराळे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावरील माउंटिंग.

शॉक ॲब्सॉर्बर हा बसणाऱ्यांच्या पाठीचा हाडवैद्य आहे, असा सर्वसाधारण समज असतो. त्याचें खरें मोठें काम चाकाला रस्ता सोडूं न देणें हें आहे. चाक क्षणभर जरी उडालें तरी त्या क्षणीं ब्रेकही व्यर्थ आणि सुकाणूही व्यर्थ. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवें होऊन गाडी जागच्या जागीं बसते, आणि तसें महामार्गावर घडलें तर काय होईल तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. दिव्याची कांच तडकली तर चिकटपट्टी लावून चार दिवस काढतां येतात. चाकाजवळच्या भागांत असें भागवून नेणें चालत नाहीं.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं गाडीला झालें आहे काय, हें ठरवावें. आधीं टायरांतील हवा मोजावी. फाजील हवेनें आदळणारी गाडी नव्या शॉक ॲब्सॉर्बरनें सुधारत नाहीं. नंतर गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनीं खालीं दाबून सोडावा. कोपरा वर येऊन एखाद्या हेलकाव्यांत स्थिर झाला तर ठीक. दोन-तीन वेळां नाचला तर त्या बाजूचा शॉक ॲब्सॉर्बर संपला असें समजावें. नळीवर धुळीचा ओलसर थर किंचित् असल्यास घाबरूं नये. तेलाचा ओघळ दिसल्यास मात्र तो गळका आहे. टायर हातानें चाचपून पाहावा. त्याच्यावर लाटांसारखे उंचवटे लागले तर चाक उड्या मारीत आहे असा त्याचा अर्थ. आवाजही पुष्कळ सांगतात. बारीक खडबडींत टकटक होत असेल तर लिंक, मोठ्या खड्ड्यांत धाडकन् आवाज होत असेल तर माउंटिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर, आणि हळू चालतां करकर वाजत असेल तर वाळलेला बुश, असा ढोबळ नियम आहे. हा नियम अंतिम निर्णय नव्हे. गाडी उचलून, पहारीनें सांधे हलवून पाहणारा मिस्त्रीच तो देऊं शकतो. परंतु एवढें ठाऊक असलेल्या गृहस्थास एका लिंकेसाठीं सर्व सस्पेन्शन बदलण्याचा सल्ला कोणी सहसा देत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. गाडीचें नांव ही तिची ओळख नव्हे. कारखानदारांस नांव प्रिय असतें. आंतील सांगाडा बदलला तरी ते नांव सोडीत नाहींत. मारुती ८०० चें रूप आणि सांगाडा १९८६ सालीं बदलला, परंतु नांव तेंच राहिलें. ग्रँड व्हिटारा या नांवाची मोटार पूर्वीं जपानहून येत असे. २०२२ सालीं त्याच नांवाची निराळीच मोटार आपल्या देशांत तयार होऊं लागली. जुन्या गाडीचा धनी आज इंटरनेटवर केवळ नांव लिहून भाग शोधूं लागला, तर त्याच्यापुढें बहुतेक नव्या गाडीचे भाग येऊन पडतील. सी-आर-व्हीची दुसरी पिढी जपानांत २००१ सालीं निघाली आणि तिसरी २००६ सालीं. होंडानें ती भारतांत २००३ पासून विकली. एवढ्यानेंही भागत नाहीं, कारण दुसऱ्या पिढीची हीच गाडी इंग्लंडांत स्विंडन येथेंही बांधली जाई.

मग गाडीची खरी ओळख कोठें सांपडते? ती चॅसिस क्रमांकांत सांपडते. नोंदणीपुस्तकांत तो लिहिलेला असतो, आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. दोन्ही ठिकाणचा क्रमांक जुळतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणें त्यांत सतरा अक्षरें व अंक असतात. एक आणि शून्य यांच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून आय, ओ आणि क्यू हीं तीन अक्षरें त्यांत कधींच येत नाहींत. कोणी लिहून दिलेल्या क्रमांकांत ओ दिसला तर तें शून्य आहे असें समजावें. पहिलें अक्षर जे असेल तर गाडी जपानांत बांधलेली. भारतांत बांधलेल्या मोटारींचा क्रमांक एम या अक्षरानें सुरू होतो. जपानी बांधणीच्या सी-आर-व्हीचा क्रमांक जे-एच-एल असा सुरू होतो, तर स्विंडनच्या तिच्या बहिणीचा एस-एच-एस असा. जी गाडी मुळांत जपानी लोकांनींच जपानांत वापरण्यासाठीं बांधली आणि मागाहून कोणीं येथें आणली, तिच्यावर सतरा अक्षरांचा क्रमांक नसतो; नमुन्याची आखूड खूण, मधें एक रेघ आणि पुढें अनुक्रमांक असा तिचा थाट असतो. अशा गाडीसाठीं जपानी बाजाराची सूचीच पाहावी लागते.

चॅसिस क्रमांक हातीं आल्यावर त्यावरून कारखान्याच्या सूचींत भागाचा क्रमांक काढावा. हें काम अधिकृत विक्रेत्याच्या भाग-विभागांत होतें, आणि इंटरनेटवरील सूचींतही घरबसल्या करतां येतें. भागाचा क्रमांक दिसतो किचकट, पण त्याला व्याकरण आहे. टोयोटाच्या क्रमांकांत पहिले पांच अंक भागाची जात सांगतात. ४८५१० म्हणजे पुढचा उजवा शॉक ॲब्सॉर्बर, ४८५२० म्हणजे पुढचा डावा, आणि ४८५३१ म्हणजे मागचा. उरलेलीं अक्षरें कोणत्या गाडीचा तें सांगतात. होंडाच्या क्रमांकाचे तीन तुकडे असतात. पहिला तुकडा भागाची जात, मधला गाडीची पिढी आणि शेवटचा सुधारणेची पायरी दाखवितो. दुसऱ्या पिढीच्या सी-आर-व्हीच्या पुष्कळ भागांवर मधला तुकडा एस-९-ए असा असतो. निस्सानच्या क्रमांकांत ५४३०२ हा पुढच्या उजव्या बाजूचा आणि ५४३०३ डाव्या बाजूचा. आमच्या जुन्या शिक्षकांनीं धातू आणि प्रत्यय वेगळे करावयास शिकविलें, तसेंच हें आहे. एकदां घडण कळली कीं चुकीचा क्रमांक वाचतांच खटकतो.

आणखी एक बाब ध्यानांत असावी. कारखाना एखाद्या भागांत सुधारणा करतो तेव्हां जुना क्रमांक रद्द करून नवा देतो. म्हणून जुन्या भागावरचा क्रमांक आणि नव्या डब्यावरचा क्रमांक यांच्या शेवटच्या तुकड्यांत फरक दिसला, तर लगेच परत पाठवूं नये. नव्यानें जुन्याची जागा घेतली आहे काय हें सूचींत पाहावें. पहिल्या तुकड्यांत फरक असेल तर मात्र तो भागच निराळा समजावा.

हें न केल्यास काय होतें याचें एक उदाहरण माझ्या घरच्याच मंडळींतील आहे. माझ्या एका भाच्यानें जुनी सी-आर-व्ही घेतली, २००५ सालची. पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर गळूं लागले, तेव्हां त्यानें बाहेरगांवच्या एका दुकानदारास गाडीचें नांव सांगून नवी जोडी मागविली. डबा आला, त्यावर सी-आर-व्ही हीं अक्षरेंही ठळक होतीं. आमच्या मिस्त्रींनीं जुना आणि नवा शॉक ॲब्सॉर्बर बाकावर शेजारीं शेजारीं निजविले. लांबी जवळजवळ सारखी होती, रंगही तोच. परंतु कमान जिच्यावर टेकते ती ताटली नव्यांत वर होती, आणि खालच्या पकडीच्या भोकांमधील अंतर जुळत नव्हतें. तो पुढच्या पिढीचा भाग होता. दूरध्वनीवरून दुकानदार म्हणाला, "भोकें जराशीं मोठीं करून घ्या, सगळे तसेंच बसवितात." मिस्त्रींनीं नकार दिला. मला म्हणाले, "गुरुजी, भोक मोठं केलं तर बसन, पण टिकन नाई." त्यांच्या या एका वाक्यांत यंत्रशास्त्राचा एक धडा आहे. त्या बोल्टांच्या घट्ट बसण्यावर चाकाचा उभा कोन ठरतो. भोक सैल झालें कीं धक्क्यागणिक कोन हलतो, टायर एका अंगानें झिजतो, आणि बोल्टावर जो ताण पडूं नये तो पडूं लागतो.

पुढें नोंदणीपुस्तकावरील चॅसिस क्रमांक घेऊन बसलों. सूचींत ५१६०५ या अंकांनीं आरंभ होणारा उजवा आणि ५१६०६ नें आरंभ होणारा डावा असे दोन क्रमांक मिळाले, मधला तुकडा अर्थात् एस-९-ए. त्या क्रमांकांवरून योग्य जोडी येण्यास बरेच दिवस गेले, आणि तोंवर भाच्याला गाडी झांकून ठेवावी लागली. परंतु बसवितांना कानस हातांत घ्यावी लागली नाहीं. पहिली जोडी परत घेण्यास दुकानदारानें साफ नकार दिला. मागणींत केवळ नांव लिहिलें असल्यामुळें त्याविरुद्ध बोलण्यास जागा नव्हती. म्हणून मागणी देतांना चॅसिस क्रमांक व भागाचा क्रमांक दोन्हीं लिहून द्यावे, आणि "या क्रमांकाशीं न जुळल्यास परत" हें पावतीवर लिहून घ्यावें.

क्रमांक कळला तरी भाग कोणाचा घ्यावा हा प्रश्न उरतोच. मोटार-कारखान्याच्या डब्यांतील भाग सर्वांत निर्धोक, पण महाग; आणि जुन्या गाडीचा तो पुष्कळदां मिळतही नाहीं. येथें एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. मोटार-कारखाने शॉक ॲब्सॉर्बर सहसा स्वतः करीत नाहींत. तें काम त्या धंद्यांतील विशेष कारखान्यांकडे असतें. जपानांत कायाबा, शोवा, टोकिको हीं नांवें या कामीं प्रसिद्ध झालीं. कायाबा यांपैकीं जुनी. तिचें मूळ शिरो कायाबा यांनीं १९१९ सालीं काढलेल्या संशोधनशाळेंत आहे. आपल्याकडे गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ सालीं निघाली, आणि नाशिक व चाकण येथें तिचे कारखाने आहेत. असा कारखाना तोच भाग स्वतःच्या नांवाच्या डब्यांतूनही विकतो तेव्हां किंमत कमी पडते आणि गुण फारसा उणा नसतो. त्याच्या सूचींत मूळ कारखान्याचा क्रमांक आणि त्याचा स्वतःचा क्रमांक समोरासमोर दिलेले असतात. असा जोडक्रमांक जो उत्पादक देऊं शकत नाहीं, त्याच्या भागापासून चाकाच्या बाबतींत तरी दूर राहावें.

त्यापुढची पायरी नकलांची. "नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा" ही म्हण या व्यापारास तंतोतंत लागू पडते. सांकेई या जपानी कंपनीचे ५५५ या छापाचे बॉल जॉइंट नांवाजलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर निघतात. डब्यावरील छपाई पुसट, अक्षरांत चूक, भागावर कोरलेली खूण नाहीं, रबरी टोपी हातांत मऊ न लागतां चुरचुरते, आणि किंमत मात्र निम्मी, अशीं लक्षणें दिसलीं तर दुकानदाराच्या शपथेवर विश्वास ठेवूं नये.

शेवटची पायरी जुन्या, वापरलेल्या भागांची. मुंबईस कुर्ल्याचा सी.एस.टी. रस्ता आणि दिल्लीस मायापुरी हे त्यांचे विख्यात बाजार. दार, आरसा, दिवा, बॉनेट यांसाठीं तेथें जाण्यास हरकत नाहीं. दुर्मिळ गाडीच्या धन्यास ते बाजार म्हणजे आधारच आहेत. परंतु शॉक ॲब्सॉर्बर, बॉल जॉइंट आणि रबर हीं मात्र वापरलेलीं घेऊं नयेत. नळीला भोंक पाडून तेल भरतात, वरून झाळून रंग देतात, आणि तो नव्यासारखा चकाकतो. पण आंतील झडपा झिजलेल्या त्या झिजलेल्याच राहतात. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें.

डोळा किती फसतो याचा हिशेबच करून दाखवितों. दोन कमानी घ्या. उंची, वेढ्यांची संख्या, वेढ्याचा व्यास आणि पोलाद सारखें. एकीची तार १२ मिलिमीटर जाड, दुसरीची १३. एका मिलिमीटराचा फरक दुकानाच्या अंधारांत कोणास दिसणार? परंतु कमानीचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताप्रमाणें वाढतो. बाराचा चतुर्थ घात २०,७३६ आणि तेराचा २८,५६१. म्हणजे दुसरी कमान सुमारें ३८ टक्के अधिक ताठ झाली. जिच्यासाठीं शॉक ॲब्सॉर्बर बनविला नाहीं अशी ही कमान, आणि तिची उसळी त्याच्यानें आवरली जाणार नाहीं. जपानी कमानींवर रंगाचे ठिपके असतात ते शोभेसाठीं नसून ताठपणाची खूण म्हणून. धुऊन पाहावे व टिपून ठेवावे.

ताठ आणि उंच कमानीचा मोह आमच्याकडे फार, आणि त्यास कारणही आहे. वऱ्हाडची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरील रस्ता दरवर्षीं थोडा थोडा लाटांचा होतो. उन्हाचा पारा ४५ अंशांवर जातो आणि रबर कडक होऊन तडकतें. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना यांच्या दरम्यान जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनीज बुकांत नोंद झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण महामार्ग सोडून शेताकडे वळलें कीं मातीचा स्वभाव पुन्हां आपल्या प्रत्ययास येतो. म्हणून कोणी कमानीच्या वेढ्यांत रबरी ठोकळे बसवितात. गाडी बोटभर उंच होते खरी. पण जे वेढे अडकले त्यांचें काम उरलेल्यांवर पडतें आणि कमान तेथेंच मोडण्याचा संभव वाढतो. आमच्या रस्त्यांस उत्तर म्हणजे मूळ मापाची कमान, चांगला शॉक ॲब्सॉर्बर आणि वेळच्या वेळीं बदललेले बुश.

बसविण्याविषयीं चार शब्द सांगतों. शॉक ॲब्सॉर्बर एका आंसावरचे दोन्ही बरोबर बदलावे. एक नवा आणि एक थकलेला अशी जोडी ब्रेक लावतां गाडीस एका अंगास ओढते. कमानीसह असलेला शॉक ॲब्सॉर्बर उकलतांना कमान यंत्रानें आवळून धरल्याखेरीज माथ्याची नट सोडूं नये. दबलेली कमान सुटली तर माणूस मरूं शकतो. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी असतांना. ती टांगलेली असतांनाच आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि वर्ष न होतां फाटतें. पुष्कळ नवे बुश "नकली निघाले" म्हणून बदनाम होतात त्यांचें खरें कारण हें असतें. सर्वांत शेवटीं चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें.

माझी शेवटची सूचना गृहिणींस आणि घरांतील मुलांस आहे, कारण ती अंमलांत आणण्यास यंत्रज्ञान लागत नाहीं. प्रत्येक गाडीची एक लहान वही करावी. पहिल्या पानावर चॅसिस क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि बांधणीचें वर्ष. पुढच्या पानांवर जो जो भाग बदलला त्याचा क्रमांक, कंपनी, तारीख, गाडीचे तेव्हांचे किलोमीटर, आणि डब्यावरील चिठ्ठी चिकटवावी. जुना भाग फेकून देण्यापूर्वीं त्यावरील कोरीव अक्षरें उतरून घ्यावीं. आमच्या मिस्त्रींसारखीं माणसें पुढेंही भेटतील. पण जपानहून आलेल्या या गाड्या दरवर्षीं कमी होत जाणार, त्यांचे भाग अधिक दूरवरून मागवावे लागणार, आणि तेव्हां घरांत अशी वही असली तर पुढच्या पिढीस तिचा मोठा आधार होईल.